पड जमिनीवरची तूर

छत्रपती संभाजीनगर
१९ सप्टेंबर २०२५

अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. ते खोडलं आहे आणि शेजारी सही केली आहे, बघून घ्या. तुमचीच शिकवण. तिसरीत असताना मी वहीत रबर घासत बसले की तुम्ही ते हातातून काढून घ्यायचात. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. तलाठ्याच्या दप्तरात असंच असतं, म्हणायचात. माझ्या गणिताच्या वहीत पानोपानी 'सं.' 'सं.' अशा सह्या होत्या आणि आमच्या बाई ती वही इतर बाईंना दाखवून हसायच्या. मला मात्र त्या सह्यांचा केवढा अभिमान होता.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणता आणि विषय अभयच्या पोरांवर नेता. लिहिलेला कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही खाली ठेवत नाही. म्हणून लिहिते.

परवा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर आमच्या शाळेत तुम्ही जे बोललात, ते कशासाठी बोललात?

तुम्हाला मी बोलावलं नव्हतं. सर्जेरावकाकांनी, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी, जुने स्नेही म्हणून जालन्याला गाडी पाठवून तुम्हाला आणलं, शाल घातली, पहिल्या रांगेत बसवलं. ते तुमचं तुम्ही बघा. पण नंतर वर्गांची प्रदर्शनं बघत बघत तुम्ही माझ्या अकरावीच्या तक्त्यांसमोर येऊन उभे राहिलात. ते तक्ते कसले आहेत हे पोटच्या पोरीला विचारायची तसदीही घेतली नाहीत. आता सांगते.

अकरावीला मध्ययुगीन युरोप आहे. सरंजामदार, किल्ले, धर्मगुरू, वेठीचे शेतकरी. नुसतं वाचून दाखवलं की पोरं जांभया देतात, म्हणून मी दरवर्षी काहीतरी करायला लावते. मागच्या वर्षी दौलताबादचा खंदक आणि तिकडच्या किल्ल्यांचे खंदक शेजारी शेजारी काढून घेतले होते. यंदा विल्यम राजाची जमीनपाहणी घेतली. साडेनऊशे वर्षांपूर्वी त्यानं इंग्लंड जिंकलं आणि गावोगाव कारकून पाठवले. त्यांचे प्रश्न ठरलेले. ही जमीन आधी कुणाकडे होती? आता कुणाकडे आहे? नांगर किती, माणसं किती? आणि उत्तर कारकुनानं मनानं लिहायचं नाही. गावचा पाटील, पाद्री आणि सहा शेतकरी शपथेवर सांगतील ते लिहायचं. त्या वहीतलं पुढं कुणाला बदलता यायचं नाही, म्हणून लोकांनी तिला शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं नाव दिलं. आमच्या पोरांनी पाच मिनिटांत तिचं 'कयामत रजिस्टर' करून टाकलं.

वर्गात सतरा जण आहेत. प्रत्येकानं आपण राहतो तिथली पाहणी करायची, हेच प्रश्न विचारायचे आणि सांगणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. उस्मानपुऱ्याच्या विश्वजीतनं आपल्या अपार्टमेंटचं लिहिलं, 'आधी कुणाची: वॉचमनला माहीत आहे, पण तो सांगत नाही.' पडेगावच्या एकीनं गल्लीतल्या शेळ्या मोजल्या, दोन कुणाच्या यावरून भांडण झालं तेही लिहिलं. आणि संस्कृती ही मुलगी, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जी आठ घरं आहेत तिथली. तिनं शाळेचीच जागा घेतली.

तिचा तक्ता मला पाठ आहे. 'आधी कुणाकडे: गायरान, म्हणजे सरकारी चराईची जमीन. माझी आजी पारूबाई हिनं दगड वेचून तीन एकर कसली, बावीस वर्षं. नांगर: एक. बैल: उसने. पीक: तूर, बाजरी. आता कुणाकडे: शाळा. पीक: चार पिवळ्या बसगाड्या.' खाली पारूबाईचा अंगठा आणि त्या आठ घरांतल्या सहा जणांच्या सह्या. मी वर्गात सांगितलं होतं तशा, मोजून सहा.

काकांनी ते वाचलं आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही चष्मा पुसलात आणि सगळ्या पालकांसमोर म्हणालात, "ही जमीन पडच होती. मी स्वतः इथं सहा वर्षं तलाठी होतो. लेकरू आहे, ऐकीव लिहिलंय."

आणि पुरीभाजी खायला गेलात. संस्कृती तिथंच उभी होती हो, हातात पट्टी घेऊन. येणाऱ्यांना तक्ता समजावून सांगायचं काम तिच्याकडं होतं. नंतर आलेल्या एकाही पालकानं तिला काही विचारलं नाही.

आणखी एक ऐका. विल्यमच्या सैन्यानं उत्तरेकडची गावंच्या गावं जाळली होती, आणि त्याच्या वहीत अशा कितीतरी गावांपुढं एकच शब्द आहे, पड. हे शिकवलं तेव्हा संस्कृतीनंच हात वर केला होता. "मॅडम, पड म्हणजे तिथं कुणी नव्हतं, का होते त्यांना घालवलं?" मी म्हणाले, छान प्रश्न आहे, उद्या बोलू. ते बोलायचं राहून गेलं.

संध्या


२६ सप्टेंबर २०२५

अण्णा,

तुमच्याऐवजी अभयचा फोन आला. "ताई, अण्णांना असली पत्रं लिहू नकोस, बीपी वाढतंय त्यांचं." ऐकून आधी काळजी वाटली आणि मग त्या काळजीचाच राग आला. गोळी वेळेवर घ्या आणि पुढचं वाचा.

तुमच्या त्या एका वाक्याचं इथं काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवला. आमच्या प्राचार्य करुणा मॅडमनी संस्कृतीला बोलावलं आणि 'खोटी माहिती लावून संस्थेची बदनामी केली' असा माफीनामा तिच्यापुढं ठेवला. त्याला पुरावा काय, तर स्वतः तलाठीसाहेब सर्वांसमोर बोलले. पोरगी म्हणाली, "मी सही नाही करणार. आजीला खोटं म्हणायचं असेल तर आजीला विचारून या." मग तिच्या वडिलांना, कडुबांना, चिकलठाण्याच्या कंपनीतून कामावरून उठवून बोलावलं आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर अख्खी दुपार बसवून ठेवलं. आत घेतलं तेव्हा शाळा सुटली होती.

रविवारी मी पारूबाईंकडं गेले. कशाला गेले होते तेही लिहिते, नाहीतर तुमच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? नातीला समजवा, एक सही करून टाकू दे, वर्ष वाचेल तिचं, असं सांगायला गेले होते.

त्या भाकरी थापत होत्या. "ये माय, बस. कोनाची गं तू?"

"बद्रीनाथ तलाठ्यांची मुलगी."

"आगं बया! तलाठी आन्नाची?" तवा उतरवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुजा बाप लई भला मानूस व्हता. आमच्या माठातलं पानी मागून प्यायचा. त्या टायमाला गावात कोन पेत व्हतं आमच्या हातचं? नामांतराच्या आधीची गोस्ट हाय ही, मंग बगा."

क्षणभर मला बरं वाटलं. खरंच वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पन नाव नाय लिवलं त्यानं माजं. म्या दर साली म्हनायची, आन्ना, लिवा की. लिवतो, लिवतो, म्हनायचा. सा वर्सं म्हनला. मंग बदली झाली. मागून जीप आली, मशीन आलं, तवा सायेब म्हनला, म्हातारे, कागदावर पड हाय, तू कोन?"

पाणी प्यायलात त्यांच्या माठातलं! आणि नाव लिहायला हात उचलला नाही!

कसं झालं असेल हे मला सांगायची गरज नाही, मी तिथंच असायचे. सर्जेरावकाकांच्या ओट्यावर चहा यायचा, मला बशीत बिस्किटं, आणि तुम्ही बसल्या जागी अख्ख्या गावाची पीकपाहणी लिहून काढायचात. काका सांगत जायचे, तुम्ही लिहीत जायचात. गायरानाची ओळ आली की काका म्हणायचे, "ते पडच हाय, म्होरं चला." पीक: पड. कसणारा: कोणी नाही. वर्षानुवर्षं पड पडलेली जागा मागायला मग संस्थेला काय अडचण? काका तेव्हापासूनच नजर ठेवून होते आणि तुम्हाला ते कळत नव्हतं, एवढे भोळे तुम्ही नाही.

आणि मला ही नोकरी कशी मिळाली? बी.एड. झाल्यावर तुम्ही एक फोन केलात, दुसऱ्या दिवशी काकांनी "आपल्याच घरची लेक" म्हणत ऑर्डर हातात ठेवली. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी मुलाखत फार छान झाली होती. सांगताना लाज कशी वाटली नाही मला?

निघताना पारूबाईंनी विचारलं, "तू बी आलती का गं येकदा? स्कुटरवर म्होरं हुबी राहून? तुरीच्या शेंगा खाऊन पोट दुखलं व्हतं ती पोर तूच का?"

मी म्हणाले, "आठवत नाही, आजी."

संध्या


४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

तुमच्याकडून अजून एक ओळ नाही. ठीक आहे. आता माझं ऐका, आणि हे अभयला वाचून दाखवू नका.

संस्कृतीच्या दाखल्यावर मी सही केली.

३० तारखेला करुणा मॅडमनी मला बोलावलं. कडुबांकडून 'मुलीस स्वखुशीने काढून घेत आहे' असा अर्ज लिहून घेतला होता. अक्षर आमच्या क्लार्कचं होतं, खाली सही तेवढी कडुबांची. शाळा सोडल्याचा दाखला तयार होता. त्यात वर्तणुकीची एक ओळ असते, ती वर्गशिक्षिकेनं भरायची. 'असमाधानकारक' लिही, म्हणाल्या. मी म्हणाले, मॅडम, असल्या दाखल्यावर पोरीला कुठलं कॉलेज घेईल? त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "संध्या, तुझी मेघा आपल्याच शाळेत सातवीत आहे ना?" एवढंच विचारलं.

मी लिहिलं, अण्णा. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली.

दाखला न्यायला संस्कृती स्वतः आली. उभ्या उभ्या तिनं तो वाचला, त्या ओळीपाशी थांबली आणि मला विचारलं, "मॅडम, हे शपथेवर आहे का?"

टोमणा नव्हता तो. वर्गात शंका विचारते त्याच आवाजात विचारलं तिनं. मी शिकवलेलंच विचारलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसले. तिनं कागदाची घडी घालून दप्तरात ठेवली आणि "येते मॅडम" म्हणून गेली.

तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि ती कुणावर काढू कळत नाही. काकांवर काढू? ते तर हे सगळं उजळ माथ्यानं करतात. करुणा मॅडमवर काढू? तुमच्यावर काढायला बसले की मधेच माझाच हात दिसतो, त्या ओळीत लिहिताना.

दसऱ्याला मी संस्कृतीच्या घरी गेले होते, माफी मागायला. आठही घरांना कुलूप. धम्मचक्र प्रवर्तन दिन, सगळे पांढरे कपडे घालून लेणीवर गेलेले. मी पायरीवर बसून राहिले. भिंतीपलीकडं शाळेच्या बसगाड्यांचे टप दिसत होते.

आता खरं लिहिते. मला सगळं आठवतं. तिथं पायरीवर आठवलं असंही नाही. १७ तारखेला तुम्ही 'पडच होती' म्हणालात, त्याच क्षणी माझ्या तोंडाला त्या कोवळ्या शेंगांची चव आली होती. स्कूटर बांधाला लावलेली, मी तुरीत शिरले की तुम्हाला दिसेनाशी होत होते आणि तुम्ही हाका मारत होता. पारूबाईंनी ओचा भरून शेंगा दिल्या होत्या. परतताना पोट दुखलं म्हणून रस्त्यात दोनदा थांबलो. तुमच्यापासून चार हातांवर मी उभी होते अण्णा, पालकांच्या घोळक्यात, आणि मूग गिळून गप्प बसले. 'ती तूर मी खाल्ली आहे' एवढं एक वाक्य. तेवढं बोलले असते तर पोरीच्या हातात तो दाखला आला नसता.

म्हणून आता मागते आहे ते द्या. तुम्ही रोज खिशात काळी डायरी ठेवायचात, कुठं गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं सगळं तीत असायचं. वर्ष संपलं की ती ट्रंकेत जायची. मी तिसरीत होते ते वर्ष काढा, १९९४ आणि ९५. हरवली म्हणू नका. तुम्ही आयुष्यात कागद हरवलेला नाही.

संध्या


१५ ऑक्टोबर २०२५

.................. अण्णा,

डायरी मिळाली. अभयनं आणून दिली आणि उंबऱ्यातूनच परत फिरला, पाणीसुद्धा प्यायला नाही. आत तुमचं पत्र असेल म्हणून मी पान न् पान झटकून पाहिलं. नव्हतं.

'८ जानेवारी १९९५, रविवार. गायरान. पारूबाईची तूर, उत्तम, छातीएवढी. चि. संध्या सोबत, शेंगा खाल्ल्या.'

हे वाचून मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. उलट आतापर्यंत नव्हता एवढा संताप आला. माझ्या मनात तुमच्यासाठी थोडी सवलत शिल्लक होती. वाटायचं, अण्णा ओट्यावर बसून लिहायचे, काकांनी सांगितलेलं खरं मानायचे, फसले असतील. ती सवलत मी काढून घेतली आहे. तुम्ही बांधावर गेला होता. पीक हातानं मोजलं होतं. उत्तम आहे म्हणून स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंत आणि सरकारच्या वहीत लिहिलंत पड. खरं तुम्हाला माहीत होतं, ते तुम्ही तीस वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून जपलंत! कुणासाठी जपलंत?

सोमवारी मी कडुबांकडून तो दाखला परत मागून घेतला आणि शाळेत गेले. करुणा मॅडमच्या टेबलावर, त्यांच्यासमोर, 'असमाधानकारक'वर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'उत्तम'. शेजारी सही केली, तारीख घातली. शाळेच्या प्रतीवरही तेच केलं. मग डायरीतलं ते पान पुढं ठेवलं आणि माझा जबाब, 'ही तूर मी स्वतः खाल्ली आहे' असा, सहीनिशी.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. दाखल्यावरच्या खाडाखोडीवर शिक्का मारला आणि ड्रॉवर उघडून माझ्याच नावाचा मेमो मला दिला. तो आधीच टाईप करून ठेवलेला होता. म्हणाल्या, "शिक्का मारला हे अध्यक्षांना मी सांगणार नाही, तूही सांगू नको." मी म्हणाले, "मॅडम, मी तर आता सगळ्यांना सगळंच सांगणार आहे." मेघाचं काय होईल माहीत नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मी संस्कृतीताईच्या शाळेत जाऊ का?"

संस्कृतीला उस्मानपुऱ्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. दोन रिक्षा बदलून जाते. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. शंका विचारत नाही. ते मला सोसलं पाहिजे.

पारूबाईंनी तहसीलमध्ये अर्ज दिला आहे. जागेवर आता इमारत आहे, ती काही कुणी उठवणार नाही, हे त्यांनाही कळतं. "मला जमीन नगं आता, माय," म्हणाल्या. "म्या व्हते, येवढं लिवा म्हनावं." २९ तारखेला सकाळी अकराला सुनावणी आहे. साक्षीदारांची यादी संस्कृतीनं केली. त्या आठ घरांतले सहा, सातवी मी. खाली आठवी ओळ तिनं मोकळी ठेवली आहे. कुणासाठी, असं मी विचारलं. वहीतून मान वर न करता म्हणाली, "सहा शेतकरी झाले मॅडम. पाटील कुठंय?"

डायरी पाठवून सुटलो असं समजू नका. कागदाला शपथ घेता येत नाही, ती माणसालाच घ्यावी लागते. दिवाळीला मी जालन्याला येणार नाही. तुम्ही २९ ला इथं या, काकांची गाडी न घेता, एसटीनं या. मी स्टँडवर उभी राहीन. त्या जुन्या पाहणीपत्रकाची नक्कल आम्ही काढून ठेवली आहे. सगळ्यांसमोर 'पड'वर रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर पारूबाईंचं नाव लिहा. आणि शेजारी सही करा.

या पत्रात तुमच्या नावाआधीची जागा मी कोरी ठेवली आहे. २९ तारखेला संध्याकाळी तिथं 'तीर्थरूप' लिहीन, नाहीतर रेघ मारून शेजारी सही करीन.

संध्या